मामाजी, आता बोलायची पाळी माझी

मामाजी, इतकी वर्षं एका घरात राहून मी तुमच्याशी काही सुटे शब्द बोलले, पण वाक्य एकही बोलले नाही. हे पहिलं. तुम्हाला मध्येच खाकरता येणार नाही, सासूबाईंकडे बघून "तिले म्हना, पुरे झालं" असं म्हणता येणार नाही, याची खात्री झाल्यावरच लिहायला बसले आहे. तेरावं परवा झालं.

निमित्त तुमच्याच माणसांनी दिलं. तुमची स्मरणिका निघते आहे. वाचनालयाचे अध्यक्ष स्वतः घरी आले, तुमच्या फोटोला नमस्कार केला आणि म्हणाले, "वहिनी, दोन पानं तुमची. मथळा आम्ही काढून ठेवला आहे. 'शिस्तीचा दीपस्तंभ : सुनेच्या नजरेतून.'" अकोल्याहून समुद्र किती लांब आहे हे मी त्यांना विचारलं नाही. दीपस्तंभात तेल घालणारं कोणीतरी असतं, एवढंच मनात आलं. देते म्हणाले.

ज्यांना आपलं घर माहीत नाही त्यांच्यासाठी आधी रीत सांगते. आपल्याकडे सून सासऱ्याशी बोलत नाही. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि जे सांगायचं ते तिसऱ्याला. सासूबाई असल्या की त्यांच्यामार्फत. त्या देवळात गेल्या असल्या की मांजरामार्फत. मी म्हणायची, "मने, आंघोळीचं पाणी काढलंय." तुम्ही मांजराला उत्तर द्यायचात, "येतो म्हना." कोर्टात उलटतपासणीला उभे राहिलात की साक्षीदाराच्या तोंडून नको ते काढायचात, अशी तुमची ख्याती. घरात मात्र तुमचा सगळा पत्रव्यवहार एका मांजरावर चालत होता. ते मेलं तेव्हा तुम्ही दुसरं आणलंत. मला वाटलं होतं, आता तरी बोलाल.

गणपतीच्या दिवसांत तुमचं व्याख्यान ठरलेलं असायचं. विषय एकच, 'नियमित जीवन'. अकोटला झालं, दर्यापूरला झालं, मोर्शीच्या लोकांनी तर दोनदा ऐकलं. "मी पहाटे चारला उठतो. निसर्गच मला उठवतो." टाळ्या इथे पडायच्या. त्या निसर्गाला तुमच्याआधी उठावं लागायचं, हे तुम्ही श्रोत्यांना कधी सांगितलं नाहीत. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या मोडायच्या, बंबात घालायच्या, ओल्या असल्या तर फुंकून फुंकून डोळे लाल करून घ्यायचे, आणि चारच्या ठोक्याला घंगाळात कढत पाणी हवं. आधी हे सासूबाई करायच्या. माझ्या लग्नानंतर माझ्याकडे आलं. तुमच्या सगळ्या व्याख्यानात बंब कुठेच नव्हता.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी अमरावतीला गेले, तेव्हा सासूबाईंचे गुडघे धरले होते. परत आल्यावर त्यांनी हसत सांगितलं, "तू गेली आन् हे सात वाजेपावतर घोरत होते वं. मी म्हटलं, उठा ना बाप्पा. तं म्हनतात, पानी कुठी हाये?" त्याच काळात तुम्ही बाळापूरला जाऊन पहाटेच्या स्नानाचं महत्त्व सांगून आला होता. यावर आपला वाद राहिलाच. माझं म्हणणं असं की, ज्या सवयीला दुसऱ्याच्या झोपमोडीची गरज लागते ती सवय नव्हे, चाकरी करून घेणं आहे. तुमचं म्हणणं काय असतं ते मला माहीत नाही. मांजराला एवढं सांगता आलं नसतं.

आता परीक्षेचं. माझे वडील अमरावतीला शाळेत मास्तर. त्यांनी लग्न ठरवताना एकच गोष्ट मागितली होती, मुलीचं मॅट्रिक व्हावं. "हो हो, आमचं घर सुशिक्षित हाये," तुम्ही म्हणालात. मग शेवटच्या वर्षी मला शाळेतून काढून लग्न केलंत आणि बाहेरून बसायची परवानगी दिलीत. परवानगीला एक शेपूट होतं. सासूबाईंना मध्ये उभं करून तुम्ही सांगितलंत, "तिले म्हना, खुशाल बस. पन घरातलं एक काम इकडचं तिकडं नाई व्हाले पायजे."

अमरावतीला जाऊन परीक्षा दिली. निकालाच्या दिवशी नागपूरचं वर्तमानपत्र ओट्यावर आलं. तुमचे वकील मित्र बसले होते. पेढे आधीच मागवून ठेवलेले. तुम्ही चष्मा लावून नंबर शोधलात, परत शोधलात, मग पेपर घडी करून ठेवलात. मी दारामागे होते. तुमचा आवाज कोर्टात जसा लागायचा तसा लागला. "आता आनलेच हायेत तं वाया कशाले घालवता? घ्या. नापासाचे पेढे." सगळे हसले. एकजण म्हणाला, "वकीलसाहेब, गोड हायेत बरं नापासाचे." तुम्ही एक पेढा सासूबाईंच्या हाती आत पाठवलात. माझ्यासाठी. सासूबाई तो पदराखाली धरून उभ्या होत्या. त्यांनी तो मला दिला नाही, स्वतःही खाल्ला नाही. "काहून रडून राहिली वं? ऐकू जाते त्यायले," एवढंच म्हणाल्या.

त्या पेढ्याचं तुम्हाला काही वाटलं नसेल. विनोद होता तो, तुमच्या चांगल्या विनोदांपैकी. मला मात्र तो पुढे फार उपयोगी पडला. लोक म्हणतात, मनात अढी धरू नये. मी धरली, जपली, आणि तिच्यावर मॅट्रिक झाले.

अढी धरून नुसतं चालत नाही, हेही कळायला वेळ लागला. मी गणितात गेले होते, आणि का गेले ते शोधायला सुरुवात केली. दुपारी सगळे निजले की मी भूमितीचे सिद्धांत स्तोत्रासारखे पाठ करायची. परीक्षेत त्रिकोण आला तो उलटा, अक्षरं वेगळी. माझं स्तोत्र अडलं. म्हणजे मला त्रिकोण येत नव्हता, त्रिकोणाचं वर्णन येत होतं. शिवाय दुपारचा भरवसा नव्हता. पाहुणा आला की दुपार गेली. भरवशाची एकच वेळ घरात होती, आणि ती तुमच्यासाठी राखून ठेवलेली होती. बंब पेटल्यापासून पाणी तापेपर्यंत मला कोणी हाक मारत नसे. तुम्ही निजलेले, सासूबाई निजलेल्या, तुमचा मुलगा ओव्हरसियर, तो कुठल्यातरी कॅम्पवर निजलेला. मी कालची राख न्हाणीघरापुढे पसरायची आणि काडीने आकृती काढायची. अक्षरं रोज बदलायची. रोज एकच सिद्धांत, समजला तर ठीक, नाहीतर उद्या पुन्हा तोच. पाणी तापलं की पायाने राख सारखी केली, संपलं. कंटाळा आला म्हणून बंब पेटवायचा राहत नाही, त्यामुळे अभ्यासही राहिला नाही. मनाचा निश्चय वगैरे तुमच्या व्याख्यानातला शब्द मला कधी लागला नाही. निश्चयाचं काम पऱ्हाट्या करत होत्या.

आणि मी दुसऱ्यांदा नापास झाले.

या वेळी तुम्ही पेढे मागवले नव्हते. निकाल पाहिलात आणि सासूबाईंना म्हणालात, "सांगा तिले, गनित देवाघरून आनावं लागते." मला पेढे परवडले असते. त्या वाक्याने मी आठ-दहा दिवस राखेला हात लावला नाही. बंब पेटवायची, आणि बसून राहायची. मग एका पहाटे उगाच बसण्याचा कंटाळा आला आणि लक्षात आलं की भूमिती मला चांगली आली होती. मी अंकगणितात गेले होते. राखेत आकृत्या काढायला मजा यायची म्हणून वर्षभर आकृत्याच काढल्या होत्या, आणि व्याज, टाक्या, नळ, मजूर यांच्याकडे पाठ फिरवली होती. रोज नेमाने करत होते ते आवडीचं तेवढंच. नेम होता, पण स्वतःला फसवणारा. मग क्रम उलटा केला. जाळ धरेपर्यंत, डोळ्यांत धूर असताना, नावडीचं. जाळ धरल्यावर आवडीचं. धुराने डोळ्यांत पाणी आलेलं असलं की कुठलं पाणी कशाचं हे बघावं लागत नाही.

वऱ्हाड मध्यप्रदेशातून निघून मुंबईला जोडला गेला त्या सुमाराला मी पास झाले. राज्य बदललं, ओट्यावरची मंडळी तीच होती. तुम्ही नंबर पाहिलात आणि म्हणालात, "आजकाल पेपर सोपे काढून राहिले." पेढे नव्हते. पुढे मुलींच्या शाळेत नोकरी लागली, बी.ए. बाहेरूनच झाले, नागपूरच्या ग्रंथालयातली पुस्तकं टपालाने मागवून वाचली. पाणी चारला तापतच होतं. तुमच्या अटीतलं एकही काम इकडचं तिकडं झालं नाही, हे तुम्हीही मान्य कराल.

हे सगळं मी विसरले असते. खरंच विसरले असते. पण मग तुमची एकसष्टी आली.

नगर वाचनालयाचा हॉल, हारांचा ढीग, मानपत्र, आणि ते वाचणाऱ्याचा गहिवर. मी बायकांत, पुढून तिसऱ्या रांगेत, डोक्यावर पदर घेऊन. तुम्ही उत्तराला उभे राहिलात. स्टेजवर तुमची भाषा पुण्याची होत असे. "मित्रहो, नियमिततेचं फळ काय, असं मला विचारतात. माझ्या सुनेकडे पाहा. मी पहाटे चारला उठत होतो, म्हणून ती पदवीधर झाली. मीच तिला घडवलं. ती तिथे बसली आहे. ती काही बोलणार नाही. तिचं हे मौन हीच तिची कृतज्ञता."

सगळा हॉल माझ्याकडे वळला आणि टाळ्या वाजवायला लागला.

मामाजी, तुम्ही खोटं बोलला असतात तर मी सोडून दिलं असतं. खोट्याची मला सवय होती, वकिलाच्या घरात राहत होते. पण तुम्ही जे बोललात त्यातलं निम्मं खरं होतं. तुमचं चारचं पाणी नसतं तर माझी ती वेळ नसती. तुम्ही मला छळलंत त्यातूनच मला जागा मिळाली. हे मला ठाऊक होतं, आणि मीच ते कधीतरी माझ्या तोंडाने, माझ्या सोयीने सांगितलं असतं. ते तुम्ही आधी उचललंत, त्यातून पेढे काढून टाकलेत, 'देवाघरून' काढून टाकलंत, आणि उरलेल्यावर स्वतःचं नाव घातलंत. वर माझ्या गप्प बसण्याचा अर्थही तुम्हीच सांगून टाकलात. गप्प बसायची रीत तुमची, आणि तिचा अर्थही तुमचाच. घरी येताना टांग्यात सासूबाई म्हणाल्या, "चांगलं बोलले ना तुयाबद्दल?" मी हो म्हणाले.

त्या दिवशी ठरवलं की हे वाक्य तुमच्याकडून परत घ्यायचं. तुमच्याच तोंडून. चार लोकांसमोर. कसं ते माहीत नव्हतं.

मग तुम्हाला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, बोलणं हळूहळू येईल, पण रोज, ठरल्या वेळी, कोणीतरी लहान मुलासारखं शिकवलं पाहिजे. "सूनबाई मास्तरीण आहेत ना? उत्तम. रोज सकाळी समोर बसायचं." सासूबाई म्हणाल्या, "ते दोघं बोलत नाईत एकमेकांशी." डॉक्टरांनी चपापून विचारलं, "भांडण आहे का?" "भांडन कायचं? रीत हाये." डॉक्टर बिचारे नागपूरकडचे. त्यांनी पिशवी उचलली.

सुरुवातीला रीत पाळली. मी सासूबाईंना शब्द सांगायची, त्या तुम्हाला सांगायच्या, तुम्ही तोंड हलवायचात. पण मी म्हणायची 'पाणी' आणि तुमच्यापर्यंत पोचायचं 'पानी'. ज्या बाईला तुम्ही चारचौघांत "अहो, पाणी म्हणा, पाणी" म्हणून लाजवायचात, तिच्या माहेरच्या दर्यापुरी बोलीत तुम्ही नव्याने बोलायला शिकलात. माझं यात काही कारस्थान नव्हतं. असतं तर इतकं सुरेख जमलं नसतं.

काही दिवसांनी सासूबाई थकल्या. एका सकाळी त्या भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "तूच सांग त्यायले. मी पायत नाई." मी पदर सारखा केला, तुमच्याकडे पाहिलं. तुमचे डोळे घारे आहेत हे मला त्या दिवशी कळलं. मी म्हणाले, "म्हणा. चहा." आपलं बोलणं असं सुरू झालं.

माझ्या शिकवण्यात अभ्यासक्रम होता, हे तुम्हाला कधी कळलं का? चहा, पाणी, औषध हे दाखवायचे शब्द. खरे शब्द वेगळे होते. 'नाही'. 'मी'. 'हिने'. 'केलं'. मला तुमच्याकडून एकच वाक्य हवं होतं, "मी नाही, हिने केलं." त्यासाठी मी रोज शाळेआधी तुमच्यापुढे बसत होते. सेवा म्हणून नाही. गल्लीतल्या बायका सेवा म्हणायच्या, मी दुरुस्त केलं नाही. सूड घ्यायचा तर ज्याच्यावर घ्यायचा त्याला आधी बोलतं केलं पाहिजे, आणि त्याला बोलतं करायला रोज उठून त्याचं तोंड पुसावं लागतं. सुडाचं हे अंग कुठल्या पुस्तकात मला वाचायला मिळालं नव्हतं.

तुम्ही वाईट विद्यार्थी होता. एक अक्षर अडलं की कप भिरकावायचात. एकदा आठवडाभर 'मी' येईना. आयुष्यभर जो शब्द तुमच्या तोंडून सर्वांत सहज यायचा तोच अडला, आणि तुम्ही डाव्या हाताने पाटी ढकललीत, भिंतीकडे मान फिरवलीत. त्या संध्याकाळी मी शाळेतून येताना पेढे आणले. मुलांना दिले, समाचाराला आलेल्यांना दिले, सासूबाईंना दिला. त्यांनी विचारलं, "कायचे वं?" मी तुमच्या खाटेजवळ उभी राहून म्हणाले, "नापासाचे."

तुम्हाला कळलं. तुमचं तोंड वाकडं झालं, खांदे हलायला लागले. झटक्यानंतर तुमचं हसणं आणि रडणं सारखंच दिसायचं. काय होतं ते मी विचारलं नाही. पण तुम्ही डावा हात पुढे केलात. मी पेढा हातावर ठेवला, आणि तुम्ही तो खाल्लात. सगळा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसायच्या आधीच तुम्ही म्हणालात, "मी." माझ्या पहिल्या पेढ्यानंतर मला एवढं जमलं नव्हतं, हे मान्य करते. त्या सकाळी मला तुमचा राग करणं जरा जड गेलं. दुपारपर्यंत जमलं.

'नाही' त्याच्या पुढच्या आठवड्यात आलं. आलं ते इतकं आवडलं तुम्हाला की चहाला नाही, औषधाला नाही, उशीलाही नाही. त्याच दिवसांत हेच अध्यक्ष दोघांतिघांना घेऊन समाचाराला आले. खुर्च्या मांडल्या. मी दाराशी उभी. ते खाटेवर वाकून मोठ्याने म्हणाले, जसं काही तुमचे कान गेले होते, "वकीलसाहेब, धन्य आहे तुमची. सुनेला घडवलंत, आता तीच सून तुम्हाला बोलायला शिकवते आहे."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग त्यांच्याकडे. आणि स्पष्ट म्हणालात, "नाई."

तुम्ही पुन्हा म्हणालात, मान हलवून, "मी... नाई." पुढच्या शब्दासाठी तोंड उघडलंत. ओठ हलत राहिले. मी दाराची चौकट धरून उभी होते. 'हिने' अजून शिकवायचं होतं.

अध्यक्षांनी सोबत्यांकडे वळून हात जोडले. "पाहा. या अवस्थेतही केवढा विनय." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग चहा झाला.

दुसऱ्या दिवसापासून मी 'हिने' घेतलं. तुम्ही 'ही'पर्यंत आलात. आणखी थोडे दिवस दिले असतेत तर मी ते काढलं असतं, त्या माणसांना परत बोलावलं असतं, खुर्च्या मांडल्या असत्या. तुम्ही मध्येच गेलात. मी तुमच्यावर फार रागावले आहे, मामाजी, आणि या वेळचा राग जुन्या हिशेबातला नाही. इतकं शिकवून परीक्षेला न बसता गेलेला विद्यार्थी मला दुसरा आठवत नाही. सकाळी शाळेच्या आधी माझ्याकडे आता वेळ असतो, आणि मला तो नको आहे.

ते "मी नाई" काय होतं, याचा मी बराच विचार केला. कबुली असेल. अध्यक्ष म्हणतात तो विनय असेल. त्या आठवड्याचा पाठ असेल, उशीलाही तेच म्हणत होता. सांगायला तुम्ही नाहीत. तुम्ही गप्प आहात आणि अर्थ सांगायचं काम माझ्याकडे आलं आहे. ते कसं करायचं हे मी तुमच्याकडूनच शिकले. तेव्हा स्मरणिकेच्या वाचकांसाठी लिहिते: माझ्या सासऱ्यांनी शेवटच्या आजारात, शुद्धीवर असताना, वाचनालयाच्या अध्यक्षांसमक्ष सांगितलं की सुनेला त्यांनी घडवलं नाही.

हरकत असेल तर मांजराला सांगा.